उन्हाच्या बाजूची खुर्ची

एप्रिल महिन्यात आमच्या जुन्या सोन्याच्या रस्त्यानं जो कुणी गेला, त्याच्या खिशात घरी पोचल्यावर लार्च या सूचिपर्णी झाडाचं एक बोंड निघायलाच हवं. निघालं नाही, तर तो आमच्या गावात, केटल फ्लॅटला, उतरलाच नव्हता असं खुशाल समजावं. तिथे मर्डो टेलफर बादली घेऊन उभा असे. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तो सुपारीएवढं वाळकं बोंड ठेवी आणि म्हणे, "सोनं आमच्या आजोबांनी संपवलं. आता हेच उरलंय, घेऊन जा." लोक हसत. दर बसला तोच विनोद आणि तेच हसू. मर्डोला त्याचा कधी कंटाळा आला नाही. आम्हा गावकऱ्यांना आला होता, पण बोलणार कोण? त्या बादलीच्या मागे उभी असलेली झाडं त्याच्या बायकोच्या नावाची होती.

रस्ता तसा मर्डोचाच म्हणायचा. दक्षिण गोलार्धातल्या आमच्या ओटागोच्या या उघड्याबोडक्या डोंगरांतून दीडशे वर्षांपूर्वी सोन्याच्या हव्यासानं माणसं वर चढली. त्यातली काही श्रीमंत झाली, बरीचशी बर्फात मेली. पाण्याच्या मारानं त्यांनी कापलेले पांढरे कडे, डोंगराच्या कडेकडेनं मैलोनमैल नेलेले पाट, वळणावरची एकटी कबर, खडकांचे सुळके, हे सगळं बघायला आता लोक बसा भरभरून येतात. पण मर्डो तरुण होता तेव्हा त्या वाटेनं मेंढ्यांखेरीज कुणी जात नसे. त्याच्याकडे तालुक्याचं रस्ता खरवडून सपाट करायचं मोठं यंत्र होतं, ग्रेडर. बर्फ वितळलं की वर जायचं, वाहून गेलेली माती परत जागेवर आणायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आपण सपाट करतो ते टिकत नाही याचं त्याला वाईट वाटत नसे. मुळात फार वाईट वाटून घेणारा माणूसच नव्हता तो.

इसोबेल लग्न होऊन आली ती समुद्राकडच्या गर्द जंगलातून. तिच्या माहेरी अंगणातसुद्धा ऊन गाळून येई. पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली, समोरचा पिवळ्या गवताचा उतार तिनं इकडून तिकडे पाहिला आणि म्हणाली, "मर्डो, इथे काहीच उभं नाही रे."

एवढंच. पण ते मर्डोच्या जिवाला लागलं. सरकारी रोपवाटिकेत तेव्हा लार्चची रोपं फुकट मिळत. उलट लावणाऱ्याचं कौतुक व्हायचं. त्यानं घरासमोर, रस्त्याच्या कडेनं, रोपांची एक लांब रांग लावली. जमीन अशी की कुदळीतून ठिणग्या उडायच्या. सशांनी खाल्लेली रोपं त्यानं पुन्हा लावली, थंडीनं करपलेली पुन्हा लावली. प्रत्येक रोपाला गोणपाटाचा सदरा शिवला. दुष्काळाच्या साली कामावरून येताना तो ग्रेडरवर दुधाचे कॅन बांधून नदीचं पाणी आणी आणि अंधार पडेपर्यंत घालत बसे. पबमध्ये लोक त्याला विचारत, बायकोला न्हाऊ घालतोस की झाडांना. तोही हसे. त्या वर्षांतला मर्डो ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगायला नको की असं प्रेम आमच्या गावात दुसऱ्या कुणी केलं नाही.

झाडं जगली. वसंतात त्यांना कोवळी हिरवी पालवी फुटे आणि एप्रिलमध्ये, आमच्या पानगळीच्या दिवसांत, सगळी रांग पिवळीजर्द पेटून उठे. मर्डोनं घराच्या उत्तरेच्या ओसरीत, आमच्याकडची ती उन्हाची बाजू, एक लाकडी खुर्ची करून ठेवली. तोंड झाडांकडे. इसोबेलनं दुपारी तिथे बसावं, विणावं, आपली झाडं बघावीत.

इसोबेल बसलीही. मुलगी झाली, कर्स्टी, तिला मांडीवर घेऊन बसली. पण झाडं छपराच्या वर गेली त्यानंतर कधीतरी एक गंमत सुरू झाली. मर्डो संध्याकाळी घरी यावा, तर खुर्ची ओसरीत नसे. ती मागच्या दारी, दक्षिणेला असे, जिथे दुपारीही सावली आणि हाडं फोडणारा वारा. इसोबेल शाल लपेटून तिथे बसलेली.

"इथे काय करतेस? मरायचंय का थंडीनं?" तो म्हणे आणि खुर्ची उचलून परत उन्हात नेऊन ठेवी. ती काही बोलत नसे, मागोमाग येऊन बसे. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा मागे. तो पुन्हा उचलून पुढे आणी. वर्षानुवर्षं हे चाललं. टेलफरांच्या घरी माणसांपेक्षा खुर्चीच जास्त चालते, असं आम्ही म्हणायचो. मर्डो ते कौतुकानं स्वतःच सांगे: बाईमाणसाला आपल्या तब्येतीचं कळत नाही, मलाच बघावं लागतं.

एकदा जेवताना इसोबेल म्हणाली, "फार मोठी झाली रे झाडं." मर्डोला इतका आनंद झाला की त्यानं दुसऱ्या दिवशी रांगेच्या टोकाला आणखी रोपं आणून लावली.

शेवटच्या आजारात तिला खुर्ची ओढण्याचं बळ राहिलं नाही. ती उन्हाच्या बाजूलाच बसून राहिली, समोर झाडं. मर्डोला वाटलं, पटलं हिला अखेर.

ती गेल्यावर कर्स्टी शहरातलं सगळं सोडून परत आली आणि तिनं ओसरीला लागून टी-रूम काढली. चीझ रोल, स्कोन, आल्याचा केक. जुन्या रस्त्याला तेव्हा नुकतंच नाव मिळालं होतं, खांबाखांबावर पाट्या लागल्या होत्या. प्रवासी सोन्याच्या खुणा बघायला येत आणि फोटो काढत ते लार्चचे. मग कर्स्टीनं एप्रिलमध्ये एक 'सोनेरी रविवार' सुरू केला. खुर्चीवर पितळेची पट्टी बसवली: इसोबेलची खुर्ची. लोक रांग लावून तीत बसत आणि झाडांकडे तोंड करून फोटो काढून घेत. ग्रेडर सोडलेला मर्डो, गुडघे धड होते तोवर, बसबरोबर थांब्याथांब्यावर जाई आणि कडे, पाट, कबर सगळं आपल्या मालकीचं असल्यासारखं दाखवी. आणि बोंडांची बादली होतीच. ती कल्पना त्याची स्वतःची. प्रत्येकाच्या हाती इसोबेलची एक आठवण जावी, एवढाच त्याचा हेतू होता.

त्याचं आयुष्य असंच संपतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

एका फेब्रुवारीत निसर्ग खात्याची हिनेराऊ त्याच्याकडे आली. चाळिशीची बाई, तिच्या पूर्वजांचे पाय या डोंगरांना सोन्यावाल्यांच्या कितीतरी आधी लागलेले. पण ते ती बोलून दाखवत नसे. ती म्हणाली, "मर्डो, तुमचा रस्ता तुमच्यासारखा कुणालाच ठाऊक नाही. माझ्याबरोबर एक चक्कर माराल?" त्याला वाटलं, पाट्यांवर काय लिहायचं ते विचारायचं असेल. टोपी घालून, दाढी करून तो तिच्या गाडीत बसला.

पांढऱ्या कड्यापाशी तिनं गाडी थांबवली. बसा जिथे वळतात तिथे, गवतात, कंबरेएवढी लार्चची झाडं होती. मर्डो खूश झाला. "छान धरलीयत की," तो म्हणाला. तिनं गाडी पुढे काढली. पुढचा थांबा एकट्या कबरीचा. तिथे कठड्याच्या आत एक लार्च कबरीचा दगड तिरका करत वर आलेला. त्यापुढे सुळक्यांपाशी आणखी. मग ती म्हणाली, "एक बघितलंत? दोन थांब्यांच्या मधे एकही झाड नाही. फक्त बस उभी राहते तिथेच."

मर्डोनं गाडीच्या काचेबाहेर पाहिलं. बोंड उबदार बसमध्ये आणखी वाळतं, उमलतं, त्यातून पंखवालं बी गळायला लागतं. माणूस दोन थांबे ते हातात खेळवतो आणि खाली उतरला की कंटाळून टाकून देतो. हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खेड्यात जन्म गेलेला माणूस तो.

"बादली मी उद्यापासून बंद करतो," तो म्हणाला.

"बादलीचं थोडं आहे. उपटता येतील ही," हिनेराऊ म्हणाली. "अजून एक जागा बघायचीय. चालावं लागेल थोडं."

ती त्याला घरामागच्या डोंगरापलीकडच्या खोऱ्यात घेऊन गेली. गुडघे दुखायला लागल्यापासून तो तिकडे गेला नव्हता. घराकडच्या उतारावर मेंढ्या चरत, तो अजून तसाच मोकळा, पिवळ्या गवताचा होता. पण पलीकडचं खोरं राखीव म्हणून कुंपण घालून मेंढ्यांना बंद केलेलं. आणि तिथे गवत नव्हतंच. लार्च, एकाला एक लागून, आत माणूस आडवा होऊनच शिरेल असे. लहानपणी या खोऱ्यात तो पोटावर पडून ओढ्यातले मासे बघायचा. बोटाएवढे, बिनखवल्यांचे, पाण्याच्याच रंगाचे. खालच्या धबधब्यामुळे बाहेरून आणलेले मोठे ट्राउट मासे वर चढू शकत नाहीत म्हणून हे इथे टिकलेले. बाकी ओढ्यांतले ट्राउटनी कधीच खाल्ले. आता ओढा नव्हता, त्याचं पाणी एवढ्या झाडांनी पिऊन टाकलं होतं. झाडांच्या मुळांत एक डबकं होतं. हिनेराऊनं वाकून त्याला दाखवलं: मासे होते अजून, तळाशी दाटीवाटीनं.

"एवढी झाडं आली कुठून?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुम्हाला माहीत आहे वारा कुठून येतो ते."

वायव्येचा वारा. तो घरासमोरच्या रांगेतून निघतो, छपरावरून जातो आणि डोंगराच्या माथ्यापलीकडे, इथे, दम टाकतो. गेली चाळीस वर्षं तो बी आणून टाकत होता.

तिनं सगळं सरळ सांगितलं. हे खोरं मोकळं करायला या हिवाळ्यात माणसं मिळणार होती. पण बी देणारी रांग उभी आहे तोवर खातं इथे हात घालणार नाही. कापायचं आणि पुन्हा उगवू द्यायचं, असल्या कामाला कोण तयार होईल? रांग मर्डोच्या जमिनीवर होती. एप्रिलच्या आत ती पडायला हवी होती.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारायला येणार नाही," ती म्हणाली. "कुणाची झाडं आहेत ती, मला ठाऊक आहे."

तिथे उभ्या उभ्या मर्डो हो म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता. पण घरी येऊन कर्स्टीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"डॅड, एवढा एक एप्रिल जाऊ दे," ती म्हणाली. "बसवाल्यांना मी शब्द दिलाय. लोक कुठून कुठून येणार आहेत. मे महिन्यात पाड हवं तर, मी आड येणार नाही." मग म्हणाली, "आईची झाडं आहेत ती, डॅड. शेवटचं एकदा पिवळी होऊ देत."

मर्डोनं वाद घातला नाही. खरं सांगायचं तर कर्स्टीनं हट्ट धरला म्हणून त्याला आतून बरंच वाटलं. आपल्याला नाही म्हणवत नव्हतं, आता मुलीसाठी म्हणता आलं. त्यानं हिनेराऊला फोन करून सांगितलं की जरा उशीर होईल. ती बरं म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

तो एप्रिल असा आला की तसा कधी आला नव्हता. रांग अशी पिवळी झाली की बघवेना. सोनेरी रविवारी गाड्या मैलभर उभ्या होत्या. मर्डोनं बादली बाहेर आणली नाही, पण लोकांना सवय होती. ज्याचं त्यानं खाली पडलेलं बोंड उचललं, पोरांनी खिसे भरले. कुणीतरी विचारत होतं, बादलीवाला म्हातारा कुठे गेला. बादलीवाला म्हातारा स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होता.

दुपारी वायव्येचा वारा सुटला. आधी छपराचे पत्रे वाजले, मग सगळी रांग एकदम वाकली आणि पिवळ्या पानांचा लोटच्या लोट उठून घरावरून मागच्या डोंगराकडे निघाला. ऊन त्यातून जात होतं. अंगणात उभे असलेले लोक ओरडायला लागले, फोटो काढायला लागले, आणि मग, मर्डो हे कधी विसरला नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्स्टीनंसुद्धा वाजवल्या. मर्डो ओल्या हातांनी दारात आला. लोकांना पानं दिसत होती. त्याला पानांत मिसळून चाललेलं बी दिसत होतं, आणि ते कुठे उतरणार ते.

मे उजाडला तसा त्यानं शब्द पाळला. पहिल्या झाडाला करवत त्यानं स्वतः लावली, बाकीची गावातल्या पोरांनी पाडली. पबमध्ये कुणीतरी म्हणालं, आता बादलीतून भुसा वाटणार का रे मर्डो? कुणी हसलं नाही, म्हणणाराही नंतर बिअरमध्ये बघत बसला.

पण खोऱ्यात यायची ती माणसं तोवर दुसऱ्या डोंगरावर कामाला लागली होती. ती त्यापुढच्या हिवाळ्यात येणार होती. मधला उन्हाळा कोरडा गेला. जानेवारीच्या शेवटी मर्डो काठी टेकत एकटाच डोंगरावर चढला; हिनेराऊ आधीच तिथे होती. डबक्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता. त्यात मासे वाळून चिकटलेले, वेलींच्या सुकलेल्या तणाव्यांसारखे. ती टोपी हातात घेऊन उभी होती.

"मागच्या हिवाळ्यात काम झालं असतं तर कदाचित..." ती म्हणाली. "कदाचितच म्हणते मी."

"कदाचित नको म्हणूस," मर्डो म्हणाला. "मी एका रविवारासाठी थांबलो. तसंच लिही."

ती काहीच लिहिणार नव्हती. तिनं त्याला उतारावर हात धरून खाली आणलं.

घरी आला तर कर्स्टी ओसरीत उभी होती. समोर रस्त्याच्या कडेला बुंध्यांची रांग, आणि त्यांच्याकडे तोंड करून खुर्ची. ती म्हणाली की लोक येतात, खुर्चीत बसतात आणि बुंधे बघून गप्प उठतात. कुठेतरी हलवूया ती. मर्डोनं खुर्ची उचलली. कुठे न्यायची हे त्यानं ठरवलं नव्हतं. पायच त्याला घराच्या कडेनं मागे घेऊन गेले, ज्या वाटेनं त्यानं ती आजवर फक्त पुढे आणली होती. मागच्या दारी ठेवली आणि धाप लागली म्हणून तो तीत बसला. त्या जागी तो जन्मात पहिल्यांदाच बसत होता.

समोर डोंगराचा मोकळा उतार होता. वाऱ्यानं गवत वरपासून खालपर्यंत वळत होतं, एकदा पिवळं, एकदा पांढरट. ढगांच्या सावल्या न अडता माथ्यापर्यंत चढत होत्या. वर सुळके, त्यावर आभाळ. नजर कुठेही अडकत नव्हती. काहीच उभं नव्हतं.

कर्स्टी चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. मर्डोनं विचारलं, "हे बघायला बसायची का ती?"

कर्स्टीनं त्याच्याकडे चमकून पाहिलं. "मग? झाडं वाढल्यावर पुढून काही दिसायचंच नाही. मला जवळ घेऊन सांगायची, आधी इथे जीव घाबरायचा, आता याच्याशिवाय करमत नाही. मला वाटलं तुला माहीत आहे."

"मला का नाही म्हणाली कधी?"

"तू ग्रेडरवरून पाणी आणून जगवली होतीस ती, डॅड. कशी म्हणणार?"

मर्डोनं चहा हातात घेतला, पण प्यायला नाही. उन्हाळा असूनही सावलीतला वारा बोचत होता. कर्स्टी म्हणाली, थंडी आहे, खुर्ची पुढे नेऊ का उन्हात. तो म्हणाला, नको, राहू दे इथेच.